वाचक विचारतात: सिनसिनाटीच्या ट्राम, रिकामे बोगदे आणि म्युनिसिपालिटीची रेल्वे

मागच्या अंकात अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांवर लेख होता, त्यात अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराखालच्या रिकाम्या मेट्रो बोगद्यांचा जेमतेम दोन ओळींचा उल्लेख होता, आणि त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आणि मेल येतील असं वाटलं नव्हतं. बरेच प्रश्न तर बोगद्यांचे नाहीतच, ट्राम, पूल, विमानतळ सगळंच आलंय. म्हणून ह्या वेळचं अख्खं सदर सिनसिनाटीलाच देऊन टाकलं. ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच की ओहायो राज्याच्या नैऋत्य टोकाला, ओहायो नदीच्या काठावरचं हे शहर, नदी ओलांडली की केंटकी राज्य लागतं. शहराची वस्ती ३ लाखांच्या आसपास, उपनगरं धरली तर २२ लाखांच्या वर. आपली बरीच मंडळी तिथे प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नाहीतर विमानाची इंजिनं बनवणाऱ्या जीईमध्ये आहेत आणि राहायला मेसन, वेस्ट चेस्टर अशा उपनगरांत, त्यामुळे त्यांचे आईबाबा हे आमचे वाचक.

प्रश्न : माझा मुलगा तिकडे असतो. त्याला विचारलं तर म्हणतो, "हो आई, आहेत बोगदे, पण मी काही बघितले नाहीत." मेट्रोचे बोगदे खणले आणि गाडी एकदाही धावली नाही, असं कसं होईल? पैसे खाल्ले असणार कुणीतरी! — एक वाचक, कोथरूड

काकू, पहिला संशय सगळ्यांना तोच येतो, आणि त्या काळात सिनसिनाटीचं राजकारण काही धुतल्या तांदळाचं नव्हतंच, जॉर्ज कॉक्स नावाच्या पुढाऱ्याने कित्येक वर्षं अख्खी नगरपालिका खिशात घातली होती. पण बोगद्यांचा घात केला तो उशिराने. सुरुवातीपासून सांगतो.

शहराच्या मधून एक कालवा जायचा, मायामी अँड ईरी कॅनॉल, १८४५ पर्यंत तो थेट उत्तरेला टोलेडोपर्यंत म्हणजे ईरी सरोवराला जाऊन भिडला. कालव्याच्या पलीकडे जर्मन लोकांची वस्ती, ते गमतीने कालव्याला ऱ्हाइन नदी म्हणायचे म्हणून त्या भागाला आजही ओव्हर द ऱ्हाइन म्हणतात. कालवा पूर्ण होतोय न होतोय तोवर रेल्वे आली आणि बोटींचा धंदा बसला. मग उरलं काय तर शहराच्या मधोमध साचलेलं घाण पाणी. १८८४ सालीच कुणीतरी चित्र काढून छापलं होतं की कालवा आटवा आणि त्याच खड्ड्यातून गाड्या चालवा, वर रस्ता करा. कल्पना खरंच हुशारीची होती, कारण भुयारी रेल्वेत सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ खणण्यात जातो आणि इथे चर आयता खणलेला होता.

पण चित्र निघाल्यापासून लोकांनी मतदान करून पैसे मंजूर करेपर्यंत ३२ वर्षं गेली. एप्रिल १९१६ मध्ये ६० लाख डॉलरचे रोखे काढायला लोकांनी भरभरून होकार दिला, शहराभोवती साधारण १६ मैलांचा फेरा मारणारी लाइन ठरली. पुढच्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सरकारने असले रोखे काढायला बंदी घातली. जानेवारी १९२० मध्ये काम सुरू झालं तेव्हा सिमेंट, लोखंड, मजुरी सगळंच दुपटीच्या घरात गेलेलं, आणि हातात पैसे मात्र तेच ६० लाख. तरी त्यांनी काम चांगलं केलं हो. काँक्रीटचे जोडबोगदे, दोन मैलांच्या वर, त्यात रेस स्ट्रीट, लिबर्टी स्ट्रीट अशी स्टेशनं, प्लॅटफॉर्म, जिने सगळं तयार, पुढे उघड्यावरच्या मार्गाची मातीही भरून झाली. कालव्याच्या जागी वर सेंट्रल पार्कवे नावाचा रुंद रस्ता १९२८ ला थाटात खुला झाला. खाली मात्र एक फूटभर रूळ पडला नव्हता, पैसे त्याआधीच संपले होते.

आणखी पैसे मागायचे तर कुणाकडे? कॉक्सच्या टोळीला हटवून सुधारणावादी लोक निवडून आले होते, महापौर मरे सीझनगुड, आणि त्यांना हा जुन्या मंडळींचा प्रकल्प डोळ्यासमोर नको होता. मग १९२९ ची मंदी. शिवाय गावोगावहून येणाऱ्या ज्या इलेक्ट्रिक गाड्या ह्या बोगद्यांतून शहरात शिरणार होत्या त्यांच्या कंपन्याच एकेक करून बंद पडल्या. मोटारींनी मेट्रो मारली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मला ते अर्धवटच पटतं, कारण १९१७ ला काम सुरू होऊ शकलं असतं तर मोटारी रस्त्यावर दाटायच्या आत गाड्या धावल्या असत्या.

कर्ज मात्र फिटायचं काही थांबत नाही. व्याजासकट १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास भरून १९६६ साली शेवटचा हप्ता गेला. मधल्या काळात बोगद्यात पाण्याची मोठी पाइपलाइन टाकली, लिबर्टी स्ट्रीट स्टेशन अणुबॉम्ब पडला तर लपायला म्हणून तयार करून ठेवलं. तुमच्या मुलाला सांगा, बोगद्याची तोंडं बघायला खाली उतरायला नको, आय ७५ हायवेवरून जाताना हॉपल स्ट्रीटच्या जवळ बाजूला दिसतात, रोज ऑफिसला त्या रस्त्याने जात असेल तर बघितलेली असणारच, फक्त ओळखली नसतील.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर झालो. आपल्याकडे शकुंतला रेल्वे वर्षानुवर्षं खासगी कंपनीच्या मालकीची होती हे माहीत आहे, पण सिनसिनाटीत म्हणे चक्क म्युनिसिपालिटीच्या मालकीची रेल्वे लाइन होती? — एक वाचक, भुसावळ

होती काका, आणि साधीसुधी नाही, ३३० मैलांहून लांब, ओहायोतून निघून अख्खं केंटकी ओलांडून टेनेसीतल्या चॅटनूगापर्यंत! नगरपालिकेची हद्द कुठे आणि लाइन कुठे.

झालं असं की सिनसिनाटी मोठं झालं ते नदीवरच्या आगबोटींच्या जोरावर. दक्षिणेचा माल नदीने यायचा, इथून डुकराचं मांस खारवून पिंपांत भरून जायचं, त्या धंद्यामुळे शहराला पोर्कोपोलिस म्हणायचे. रेल्वे आल्यावर नदीकाठचंच लुईव्हिल शहर दक्षिणेशी रुळाने जोडलं गेलं आणि इथल्या व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा आला. शहराने रेल्वे कंपनीला पैसे द्यावेत तर ओहायोच्या १८५१ च्या घटनेत स्पष्ट बंदी, कारण आधी गावांनी खासगी कंपन्यांत पैसे घालून हात पोळून घेतले होते.

इथे एडवर्ड फर्ग्युसन नावाच्या वकिलाने डोकं लावलं. तो म्हणाला, कंपनीला पैसे द्यायला बंदी आहे ना, शहराने स्वतःच रेल्वे बांधली तर? त्याला कुठे बंदी आहे! १८६९ मध्ये तसा कायदा झाला, लोकांनी साधारण दहास एक अशा मतांनी पाठिंबा दिला आणि सिनसिनाटी सदर्न रेल्वेचं काम लागलं. वाटेत केंटकी नदीची खोल घळ, तिथे १८७७ मध्ये २७५ फूट उंचीचा पूल बांधला, हाय ब्रिज म्हणतात त्याला. बोगदे तर इतके की ड्रायव्हर लोकांनी त्या लाइनला रॅटहोल म्हणजे उंदराचं बीळ असं नाव पाडलं. तुम्ही रेल्वेतले, तुम्हाला वाफेच्या इंजिनात बसून लागोपाठ बोगदे काढणं काय असतं ते मी सांगायला नको. १८८० ला लाइन पूर्ण झाली.

आता गंमत पुढे आहे. शहराने गाड्या स्वतः चालवल्या नाहीत, लाइन १८८१ पासून भाड्याने दिली, मालकी मात्र कधी सोडली नाही. अलीकडच्या वर्षांत भाडंच वर्षाला अडीच कोटी डॉलरच्या आसपास यायचं. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदान झालं, थोड्या फरकाने का होईना लोक हो म्हणाले, आणि २०२४ मध्ये ती लाइन १६० कोटी डॉलरना नॉरफोक सदर्न कंपनीला विकली. पैसे एका ट्रस्टमध्ये ठेवलेत आणि त्यातून येणारं उत्पन्न फक्त शहरातल्या जुन्या रस्ते, पूल, इमारतींच्या दुरुस्तीला वापरायचं अशी अट आहे. विकायला हवी होती का ह्यावर तिथे अजून वाद घालतात. मला विचाराल तर १४० वर्षं भाडं देणारी मालमत्ता मी नसती विकली, पण ती माझी नाही.

प्रश्न : सर, मी इलेक्ट्रिकलला आहे. सिनसिनाटीच्या जुन्या ट्रामचे फोटो बघितले, प्रत्येक ट्रामच्या डोक्यावर दोन दोन पोल आणि वर दोन वायर. ट्रामला तर एकच वायर लागते ना, रिटर्न करंट रुळातून जातो? — कराड

बरोबर पकडलंस. सगळीकडे एकच वायर असते, करंट वरून येतो, मोटर फिरवतो आणि चाकातून रुळात उतरून पॉवरहाउसला परत जातो. पण रुळ जमिनीवर असतो, सगळा करंट शहाण्यासारखा रुळातूनच जाईल असं नाही, थोडा मातीत पसरतो. आणि १८८९ च्या सुमाराला ट्राम विजेवर आल्या तेव्हा टेलिफोनलाही एकच तार असायची, त्यांचाही रिटर्न जमिनीतूनच. म्हणजे दोघांचा परतीचा रस्ता एकच. ट्राम सुरू झाली की फोनमध्ये नुसती घरघर, समोरचा काय बोलतोय ते ऐकू येईना.

टेलिफोन कंपनी कोर्टात गेली आणि खालच्या कोर्टात जिंकली. मग ट्राम कंपन्यांनी रिटर्नसाठी वर दुसरी वायर टाकली, दुसरा पोल लावला. १८९१ मध्ये ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला, म्हणे रस्ता हा येण्याजाण्यासाठी आहे, टेलिफोनवाल्यांना त्रास होत असेल तर त्यांनी आपली सोय बघावी. पण तोवर शहरभर दोन वायरी पडल्या होत्या, कोण काढत बसणार, त्यामुळे १९५१ मध्ये शेवटची ट्राम बंद होईपर्यंत दोन्ही पोल तसेच राहिले. मधल्या काळात, १९३६ पासून, ट्रॉलीबसही आल्या, त्यांना रबरी टायर असल्यामुळे दोन वायरी लागतातच, तेव्हा त्या आयत्याच मिळाल्या.

आणि ऐक, कोर्टात गेलेली ती टेलिफोन कंपनी पुढे सिनसिनाटी बेल झाली. २०१६ मध्ये शहरात नवी ट्राम सुरू झाली तेव्हा पैसे देऊन ट्रामला स्वतःचं नाव कुणी लावून घेतलं माहितीय? सिनसिनाटी बेलने!

अजून एक, तुझ्या विषयाच्या जरा बाहेरचं आहे पण सांगतोच. शहर नदीकाठच्या खोलगट जागेत आणि भोवती उभे डोंगर, ट्राम चढणार कशा? तर पाच ठिकाणी इनक्लाइन होते. उतारावर रुळ, रुळांवर एक मोठा पाटा, तो पाटा खालून तिरका पण वरून सपाट, ट्राम प्रवाशांसकट त्या पाट्यावर जाऊन उभी राहायची आणि वरच्या इंजिनाने केबल ओढली की पाटा ट्रामला घेऊन डोंगर चढायचा. एक वर जाताना दुसरा खाली, म्हणजे वजन तोललं जातं. सगळ्याच इनक्लाइनवर ट्राम नेत नव्हते, काहींवर नुसते प्रवाशांचे डबे. वर गेलं की बिअरचे बाग, जर्मन लोक रविवारी तिथेच. फक्त प्राइस हिलवर दारू मिळायची नाही म्हणून लोक त्याला ताकाचा डोंगर म्हणून चिडवायचे. १८८९ मध्ये माउंट ऑबर्नच्या इनक्लाइनवर डबा वर पोचला पण इंजिन थांबेना, केबल उपटून डबा खाली सुटला, माणसं गेली. माउंट अ‍ॅडम्सचा शेवटचा इनक्लाइन १९४८ पर्यंत चालला.

प्रश्न : न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजसारखाच दिसणारा निळा पूल तिथे आहे, तो ब्रुकलिनची कॉपी का? — डोंबिवली

उलट आहे. सिनसिनाटीचा पूल आधीचा, डिसेंबर १८६६ मध्ये लोक चालायला लागले, ब्रुकलिन १८८३ चा. इंजिनिअर एकच, जॉन रोब्लिंग. मधला गाळा १,०५७ फुटांचा, उघडला तेव्हा जगात सगळ्यात लांब.

ह्या पुलाला विरोधही भरपूर झाला. आगबोटवाले म्हणाले आमची धुराडी अडकतील, होडीवाल्यांच्या पोटावर पाय, शिवाय पलीकडे केंटकीत गुलामगिरी आणि अलीकडे ओहायोत नाही, त्यामुळे पूल झाला तर गुलाम पळून येतील अशी पलीकडच्या मालकांना धास्ती. अखेर परवानगी देताना अट काय घातली, तर पूल सिनसिनाटीच्या कुठल्याही रस्त्याच्या सरळ रेषेत यायला नको! काम १८५६ ला सुरू झालं, पैसे संपले, यादवी युद्ध आलं. सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेचं सैन्य चालून येतंय अशी बातमी आली तेव्हा सैनिक पलीकडे न्यायला घाईघाईने कोळशाचे तराफे एकापुढे एक बांधून नदीवर पूल केला. तो तात्पुरता पूल बघितल्यावर पुलाची काय गरज असं विचारणारे गप्प झाले.

१९३७ च्या महापुरात नदी ८० फुटांवर गेली तेव्हा नदीवरचे मैलोगणती पूल बंद पडले, हा चालू होता. पुलाचा रस्ता लोखंडी जाळीचा आहे, गाडी गेली की घूंऽऽ असा आवाज येतो, तिकडचे लोक त्याला गाणारा पूल म्हणतात. चालत जा, फार छान वाटतं.

प्रश्न : अमेरिकेत हायवे बांधताना काळ्या लोकांच्या वस्त्या पाडल्या असं वाचलं होतं. सिनसिनाटीतही तसं झालं का? — छत्रपती संभाजीनगर

झालं, आणि वाईट झालं. शहराच्या पश्चिमेला वेस्ट एंड म्हणून दाट वस्ती होती, दक्षिणेतून कामासाठी आलेली काळी कुटुंबं बहुतेक तिथेच राहायची, कारण दुसरीकडे त्यांना घरच देत नव्हते. १९५० च्या दशकाच्या शेवटाला आय ७५ हायवे आणि त्याला लागून कारखान्यांसाठी मोकळी जमीन असा एकत्र बेत झाला आणि केन्यन बार नावाचा त्यातला मोठा भाग साफ केला. २५ हजारांहून जास्त माणसं उठवली, जवळजवळ सगळी काळी. चर्च, दुकानं, न्हाव्याची दुकानं, दवाखाने सगळं गेलं. पाडायच्या आधी पालिकेने एकेका इमारतीचे फोटो काढून ठेवले होते, बऱ्याच फोटोंत पालिकेचा माणूस घराच्या दारात पाटी धरून उभा आणि मागे खिडकीतून त्या घरातलं कुणीतरी बघतंय. आज त्या जागेला क्वीन्सगेट म्हणतात, गोदामं आणि पार्किंग आहे.

त्याच हायवेसाठी १९६३ मध्ये ब्रेंट स्पेन्स ब्रिज झाला, दिवसाला ८० हजार गाड्यांच्या हिशोबाने बांधलेला, आता दीड लाखाच्या वर जातात. बाजूची मोकळी पट्टी काढून लेन वाढवल्या, त्यामुळे गाडी बंद पडली तर उभी करायला जागाच नाही. शेजारी नवा पूल बांधायला केंद्राने २०२२ च्या शेवटी १६० कोटी डॉलरच्या वर मंजूर केलेत. म्हणजे वस्ती उठवून केलेला रस्ता साठ वर्षांत अपुरा पडला.

प्रश्न : सिनसिनाटीचं तिकीट काढलं तर बोर्डिंग पासवर सीव्हीजी लिहून आलं आणि विमान केंटकीत उतरणार म्हणतात! चुकीचं तिकीट आहे का? — नागपूर

अजिबात नाही, निर्धास्त बसा. शहराचा मूळचा लंकन विमानतळ नदीजवळच्या सखल जागेत, १९३७ च्या पुरात तो पाण्याखाली गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नव्या विमानतळासाठी केंटकीच्या पुढाऱ्यांनी जोर लावला आणि जागा पटकावली, १९४७ पासून प्रवासी विमानं तिथे उतरतात. सीव्हीजी ही अक्षरं कव्हिंग्टन ह्या केंटकीतल्या गावावरून आलीत. मुलगा न्यायला येईल तो नदी ओलांडूनच येईल.

प्रश्न : आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी मुलीकडे मेसनला जातोय. गाडी चालवता येत नाही. घरात बसून कंटाळा येईल. तुमच्या ह्या ट्राम, रेल्वेपैकी आता काही चालू आहे का? — ठाणे

मेसनला घराबाहेर पडून पायी कुठे जाल तर जाल शेजारच्या गल्लीत, हे आधीच सांगतो. मेसनपर्यंत रेल्वे नेणं वगैरे स्वप्नं होती, २००२ मध्ये लाइट रेलसाठी कर वाढवायचा का असं मतदान झालं तेव्हा दोनास एक ह्याहून जास्त मतांनी लोकांनी नाही म्हटलं. त्यामुळे शनिवार-रविवारी मुलीला किंवा जावयाला डाउनटाउनला सोडायला लावा, तिथून पुढे त्यांची गरज नाही. ट्रामचा ३.६ मैलांचा फेरा आहे आणि २०२० पासून ती फुकट आहे, तिकीटच नाही. ह्या ट्रामलाही काय कमी विरोध झाला का, दोनदा मतदान झालं, २०१३ मध्ये नवा महापौर येऊन काम थांबवायला निघाला होता, शेवटी २०१६ ला धावली. नदीजवळ ट्राममध्ये बसा, फिंडले मार्केटला उतरा. १८५५ पासून चालू असलेली मंडई आहे, भाजी, मासे, मसाले, बेकरी सगळं. जाताना ट्राम सेंट्रल पार्कवे ओलांडते तेव्हा खाली ते बोगदे आहेत, काकांना दाखवा.

युनियन टर्मिनल मात्र चुकवू नका. १९३३ चं स्टेशन, आधी शहरात पाच वेगवेगळी स्टेशनं होती ती मोडून सात रेल्वे कंपन्यांनी मिळून हे बांधलं. आत शिरलं की वर १०६ फूट उंच अर्धा घुमट आणि भिंतींवर विनोल्ड राइस ह्या चित्रकाराची काचेच्या तुकड्यांची प्रचंड चित्रं, शेतकरी, आगबोटवाले, मजूर, रेल्वे कामगार. मंदीच्या ऐन भरात उघडलं आणि प्रवासी पुरेसे आले ते फक्त महायुद्धात, तेव्हा दिवसाला ३४ हजार माणसं यायची. १९७२ ला गाड्या बंदच झाल्या, मागचा प्लॅटफॉर्मकडे जाणारा लांब हॉल १९७४ मध्ये पाडला, त्यातली कारखान्यांची चित्रं आधीच काढून विमानतळावर नेली. १९९० पासून इमारतीत म्युझियम आहे, अख्खा दिवस जातो.

१९९१ पासून एक गाडी परत येते, शिकागो ते न्यूयॉर्क जाणारी कार्डिनल, आठवड्यातून तीनदाच आणि दोन्ही बाजूंनी मध्यरात्र उलटल्यावर. पुढे वेस्ट व्हर्जिनियात न्यू रिव्हरच्या घळीतून जाते, बघण्यासारखी आहे, हौस असेल तर करा. फक्त रात्री स्टेशनवर सोडायला जावयाला उठावं लागेल, ते तिकीट काढायच्या आधी मुलीच्या कानावर घाला.